पर्यटकांना खोली की अकरा महिन्यांचा करार?

म्हापशाजवळच्या वडिलोपार्जित घराची मागची खोली रिकामी असेल, तर ती पर्यटकांना दिवसांच्या भाड्याने द्यावी की अकरा महिन्यांच्या करारावर, हा प्रश्न उत्पन्नाइतकाच कागदपत्रांचाही आहे. पहिल्या मार्गात १९८२ च्या पर्यटन व्यापार नोंदणी कायद्यानुसार पणजीतील पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते आणि ऑनलाइन जाहिरात टाकली म्हणून तिच्यातून सुटका होत नाही. शिवाय परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. म्हणजे पाहुणा रात्री अकराला आला तरी यजमानाने त्याच्या पारपत्राचा आणि व्हिसाचा फोटो हाती घेऊन बसायचे. गोव्यात खरी अडचण मात्र त्याआधीच, मालकी दाखवताना येते, कारण एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या हक्कनोंदीवर, अजून आजोबांचेच नाव असते आणि मुंबईतल्या काकांची संमती गणपतीला ते गावी येईपर्यंत लांबते.

अकरा महिन्यांच्या करारात पर्यटन खात्याचा संबंध येत नाही. करारपत्र करून भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली की बहुतेक काम उरकते. डिसेंबरातले चढे भाडे त्यात नाही, हे खरे. परंतु चादरी बदलायला घरात माणूस नसेल, तर मी हाच मार्ग सुचवेन.