शुक्रवारची गोळी की रोजची? मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड

आमच्या घरात सांधेवाताच्या दोन्ही गोळ्या आहेत. आई मेथोट्रेक्सेट घेते, वहिनी लेफ्लुनोमाइड. पेठेतले पाहुणे विचारतात, "ह्यातली भारी कुठली?" दोन्ही प्रतिकारशक्ती दाबतात, दोन्हींचा गुण यायला काही आठवडे जातात. मी उलटं विचारतो: तुमच्या घरात कुठली चूक होण्यासारखी आहे?

डॉक्टर बहुधा आधी मेथोट्रेक्सेट देतात. ती आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर रक्तपेशी घटतात, तोंड येतं, जिवावरही बेततं. आमच्याकडे ते होता होता राहिलं. आईची मेथोट्रेक्सेट आणि तिचे दुष्परिणाम कमी करणारं जीवनसत्त्व, फॉलिक ॲसिड, दोन्ही बारीक, पिवळट, एकाच डबीत. सलग दोन दिवस मेथोट्रेक्सेटच गेली, तिसऱ्या दिवशी पाकीट मोजताना कळलं. लगेच डॉक्टरांना फोन, त्याच दिवशी रक्ततपासणी; निभावलं. आता पाकिटावर मार्करनं ठळक 'शुक्र' लिहिलंय. अंबाबाईची पालखी निघते त्या रात्री जेवणानंतर गोळी. आई तारीख विसरेल, पालखी नाही. फॉलिक ॲसिड सोमवारी, वेगळ्या डबीतून.

लेफ्लुनोमाइड रोजची, बहुधा 10 किंवा 20 मिलिग्रॅम, त्यामुळे वाराचा घोळ नाही. पण जुलाब, केस गळणं, बीपी चढणं तिच्यामुळं होऊ शकतं. वहिनीनं महिनाभर मिसळीवर खापर फोडलं! आणि ही अंगातून लवकर जात नाही, दोन वर्षंही राहू शकते. दोन्ही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. मेथोट्रेक्सेट साधारण तीन महिने आधी थांबवतात. लेफ्लुनोमाइड कोलेस्टिरामिनची पावडर देऊन धुऊन काढावी लागते. मूल हवं असेल तर हे पहिल्याच भेटीत बोला.

किडनी कमजोर असेल तर मेथोट्रेक्सेटला जपून. बीपी आधीच चढत असेल तर लेफ्लुनोमाइडला. लघवीच्या जळजळीसाठी कुणी कोट्रायमोक्साझोल ही अँटिबायोटिक लिहून दिली तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं तिथल्या तिथं सांगा. ही जोडी रक्तपेशी फार खाली आणते.

रक्त आणि लिव्हरच्या तपासण्या दोघींनाही नियमित, सुरुवातीला जास्त वेळा. रविवारचा तांबडा-पांढरा चालतो, शेजारचा दारूचा ग्लास नाही. ताप आला की आमच्याकडे आता काढा उकळत नाहीत, आधी डॉक्टरांना फोन जातो. पुढची गोळी घ्यायची की थांबवायची, ते तेच सांगतात.