मु. पो. ता. जि. जोडणारा मॅक्रो: आठ महिने वापरल्यानंतर

जुलैत वार्षिक सभेच्या नोटिसा काढताना हा मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्येच चालणारा छोटा प्रोग्रॅम, बसवला. आता मार्चअखेरची धावपळ चालू आहे, आणि आठवड्यातून दोन-तीनदा तरी तो चालवावा लागतोच. आमची तालुक्याच्या गावची पतसंस्था. सभासद साडेतीन हजारांच्या आसपास, यादी एक्सेलमध्ये: नाव, घर क्रमांक, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन, सगळ्यांचे वेगळे कॉलम. पाकिटावर लेबल चिकटवायचं तर हे सातही एका सेलमध्ये एकत्र यायला हवेत.

आधी साध्या फॉर्म्युल्यानंच करत होतो. एक सेल, & चिन्ह, अवतरणात स्वल्पविराम, पुन्हा & आणि पुढचा सेल. ज्याचा घर क्रमांक रिकामा, त्याच्या लेबलवर नावापुढे दोन स्वल्पविराम यायचे. खेड्यात घर क्रमांक नसलेले सभासदच जास्त, म्हणजे निम्मी लेबलं अशीच. एक्सेल २०१९ किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल तर टेक्स्टजॉइन हे फंक्शन रिकामे सेल आपोआप गाळतं. लिब्रऑफिस कॅल्कमध्येही ते आहे. तुमचं काम एवढंच असेल तर मॅक्रोच्या वाटेला जाऊच नका. आमच्या ऑफिसात मात्र २०१६ची आवृत्ती होती, आणि अडचण स्वल्पविरामापुरती नव्हती.

गाव आणि पोस्ट एकच असेल तर आपण ‘मु. पो.’ एकत्र लिहितो आणि गावाचं नाव एकदाच. पोस्ट दुसऱ्या गावी असेल तर ‘मु.’ एक आणि ‘पो.’ दुसरं. पोस्टाचा कॉलम रिकामा असेल तर नुसतं ‘मु.’. आमच्याकडे तीनही प्रकार आहेत. हे फॉर्म्युल्यात बसवलं तर इफच्या आत इफ जाऊन तो इतका लांबतो, की पुढच्या वर्षी कुणाला वाचताच येत नाही. मॅक्रोत तेच काम आठ-दहा ओळींत स्वच्छ होतं. व्हीबीए या एक्सेलच्या मॅक्रो लिहायच्या भाषेत ‘पत्ताजोड’ नावाचं आमचं स्वतःचं फंक्शन केलं. शीटवर ते बेरजेच्या ‘सम’ फंक्शनसारखंच लिहायचं, ओळीचे सात सेल द्यायचे आणि खाली ओढायचं.

पहिलाच दिवस गेला मराठीत. व्हीबीएच्या खिडकीत ‘मु.’ टाइप केलं की तिथे प्रश्नचिन्हं उमटतात, कारण त्या एडिटरला युनिकोड, म्हणजे मराठीसकट सगळ्या लिपींसाठीची अक्षरांची सामाईक पद्धत, कळत नाही. मेसेज बॉक्समध्ये मराठी दाखवायला गेलं तरी प्रश्नचिन्हंच. अक्षरागणिक आकडा देऊन शब्द जुळवता येतो, म्हणजे २३५८ दिला की ‘श’. पण तसा कोड पुन्हा वाचणार कोण? शेवटी ‘सेटिंग’ नावाचं वेगळं शीट केलं. त्यात एका सेलमध्ये ‘मु.’, दुसऱ्यात ‘पो.’, पुढे ‘ता.’ आणि ‘जि.’ लिहिलं, आणि मॅक्रो हे शब्द तिथून उचलू लागला. एक गोष्ट त्यात उशिरा कळली. सेटिंगमधला शब्द बदलला तरी आधी जोडलेले पत्ते बदलत नाहीत, कारण फंक्शनला दिलेले सेल बदलले तरच एक्सेल ते पुन्हा मोजतो. म्हणून आता ते चार सेलही फंक्शनला सोबत देतो.

जुन्या सभासदांची नावं मात्र मॅक्रोच्या हाताबाहेरची. ती पूर्वीच्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली होती. नाव त्या फाँटमध्ये, गाव युनिकोडमध्ये, आणि जोडलेल्या सेलला फाँट एकच मिळणार. साहजिकच नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसायचा. त्यावर मॅक्रो नाही, आधी सगळी यादी युनिकोडमध्ये आणणं एवढाच उपाय. आम्हाला पंधरा दिवस लागले, आणि आठ महिन्यांतलं सगळ्यात उपयोगी काम मी त्यालाच म्हणेन.

आकड्यांपाशी मी दोनदा फसलो. सुरुवातीला जोडण्यासाठी & ऐवजी अधिकचं चिन्ह वापरलं होतं. प्रभाग ४, घर क्रमांक १२, आणि लेबलवर छापून आलं १६! दोन्ही सेलमध्ये आकडे असले की अधिक चिन्ह सरळ बेरीज करतं. छापलेला एक अख्खा ताव फुकट गेला, तेव्हापासून कोडमध्ये अधिकचं चिन्ह शोधून शोधून काढलं. दुसरी गोष्ट तारखेची. सभासदत्वाची तारीख साध्या फॉर्म्युल्यानं जोडली की १ एप्रिल २०२४च्या जागी ४५३८३ येतं, कारण एक्सेल तारीख दिवसांच्या आकड्यात साठवतो. मॅक्रोनं जोडली तर तारीख येते, पण त्या कॉम्प्युटरच्या विंडोज सेटिंगप्रमाणे. आमच्या एका मशीनवर महिना आधी लागायचा, आणि ५ एप्रिलचा माणूस वाचताना ४ मेचा व्हायचा. आता फॉरमॅट फंक्शननं दिवस-महिना-वर्ष ठरवूनच जोडतो. सेलवर जे दिसतं तेच उचलायचाही पर्याय आहे. खाते क्रमांक ००४७ सारखे असतील तर तो छान चालतो, नाहीतर शून्यं गळून नुसते ४७ राहतात. पण कॉलम अरुंद असला तर दिसणारे ‘####’ तसेच पत्त्यात उतरतात, म्हणून कॉलम आधी रुंद करून घ्या.

फाइल मॅक्रोसह सेव्ह होणाऱ्या प्रकारातच ठेवा. साध्या एक्सेल वर्कबुकमध्ये सेव्ह केली की कोड जातो. मेलवरून आलेली फाइल उघडली तर मॅक्रो बंदच असतो. आधी प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करावं लागतं. मोबाइलवर तो चालत नाही, हे शाखेतल्या सहकाऱ्यांना तीनदा सांगून झालंय.

मार्चच्या थकबाकी नोटिसांसाठी यातच थोडी भर घातली. कर्जदाराचे दोन्ही जामीनदार एका सेलमध्ये, पण एकाखाली एक. मधे स्वल्पविरामाऐवजी १० क्रमांकाचं कॅरेक्टर द्यायचं आणि सेलला रॅप टेक्स्ट लावायचं. हे पहिल्या झटक्यात जमलं, आणि नोटीस वाचणाऱ्यालाही कोण कोण जामीन आहे ते लगेच दिसतं.

एकच कळकळीची विनंती, जोडून झालं म्हणून मूळ कॉलम काढून टाकू नका. डिसेंबरात आमच्या एका सहकाऱ्यानं जोडलेले पत्ते व्हॅल्यू म्हणून पेस्ट केले, जोडलेला पत्ता मूळ कॉलमांच्याच जागी लिहिणारं मॅक्रोचं बटण दाबलं आणि फाइल सेव्ह केली. मॅक्रोनं केलेलं अनडू होत नाही, म्हणजे मागे घेता येत नाही. आठवड्यानं पिनप्रमाणे यादी लावायची वेळ आली तेव्हा पिनचा कॉलमच नव्हता. स्वल्पविरामावर तोडून बघितलं, तर कुणाचे चार तुकडे, कुणाचे सात, कारण रिकामे सेल तर आम्हीच गाळले होते. ऑक्टोबरची एक प्रत पेन ड्राइव्हवर सापडली. त्यानंतर भरती झालेल्या सभासदांचे अर्ज कपाटातून काढून पत्ते पुन्हा टाइप केले. ते बटण मी त्याच संध्याकाळी काढून टाकलं.