न्यूझीलंडचं ‘एमआयक्यू’: खोलीला चार तारे, दाराला एक

कोरोनाचा विषय निघाला की बेळगाव-निपाणी भागात कुणीतरी हमखास म्हणतं, ‘न्यूझीलंडनं बघा कसं सांभाळलं!’ सांभाळलं, यात वाद नाही. पण ज्या व्यवस्थेच्या जिवावर सांभाळलं ती ‘मॅनेज्ड आयसोलेशन अँड क्वारंटाइन’, म्हणजे परदेशातून येणाऱ्यांना हॉटेलात विलग ठेवायची एमआयक्यू, वापरणाऱ्याला कशी पडली हा प्रश्न वेगळा. सेवा बंद झालीय, तरी रिव्ह्यू करण्याजोगी आहे. पुढच्या साथीत एखादा बेटावरचा देश पहिल्यांदा हाच साचा उचलेल.

१९ मार्च २०२० च्या रात्री तिथली सीमा नागरिक आणि कायम रहिवासी सोडून बाकी जवळपास सगळ्यांना बंद झाली. म्हणजे व्हिजिटर व्हिसावर लेकीच्या बाळंतपणाला जाऊ पाहणाऱ्या आईसाठी ही सेवा नव्हतीच. ज्यांना आत यायची मुभा होती त्यांना १० एप्रिलपासून सरकारनं ताब्यात घेतलेल्या हॉटेलात १४ दिवस राहणं सक्तीचं झालं. ऑकलंड, हॅमिल्टन, रोटोरुआ, वेलिंग्टन, क्राइस्टचर्च या पाच शहरांत मिळून ३२ हॉटेलं. कुठलं मिळणार हे उतरेपर्यंत कळत नसे. ऑकलंडला उतरायचं आणि बस थेट रोटोरुआला न्यायची, म्हणजे साधारण बेळगावहून साताऱ्याएवढं अंतर. बारा-पंधरा तासांच्या प्रवासानंतर लहान मूल मांडीवर असेल तर हे जड जायचं.

आता दाराकडे, म्हणजे बुकिंगकडे. ५ ऑक्टोबर २०२० ला वेबसाइट सुरू झाली आणि ३ नोव्हेंबरपासून खोली ठरल्याचं व्हाउचर नसेल तर विमानात चढताच येईना. सुरुवातीला जो आधी क्लिक करेल त्याला खोली. रिकाम्या तारखा अवेळी उगवायच्या आणि क्षणात जायच्या. मग लोकांनी पानावर नजर ठेवणारे प्रोग्रॅम लावले, पैसे घेऊन खोली पकडून देणारेही उभे राहिले. रेल्वेच्या तत्काळ खिडकीशी एजंट का उभे असतात हे आपल्याला शिकवायला नको. २० सप्टेंबर २०२१ पासून यावर तोड म्हणून ‘व्हर्च्युअल लॉबी’ आणली. ठरल्या वेळेच्या एक तास आधी लॉबीत शिरायचं, वेळ झाली की संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखे क्रमांक वाटणार. पासपोर्टची माहिती खात्यात आधी भरलेली नसेल तर नंबर लागूनही हातचा जायचा. तारीख मिळाली की ४८ तासांत विमानाचा तपशील भरायचा, नाहीतर खोली परत. पहिल्याच दिवशी सुमारे ३,२०० खोल्या आणि रांगेत ३० हजारांवर माणसं.

एजंटांचा घोळ लॉबीनं कमी केला, पण मूळ दुखणं तसंच ठेवलं: गरज कुणाची मोठी हे सोडतीला कळत नाही. बाप अत्यवस्थ असलेला आणि सुट्टी संपवून परतणारा एकाच टोपलीत. तातडीच्या कारणांसाठी वेगळा कोटा होता, पण त्याच्या अटी फार आवळलेल्या. तिथल्या हायकोर्टानंही एप्रिल २०२२ मध्ये हेच म्हटलं, की काही प्रसंगी या पद्धतीनं नागरिकांच्या मायदेशी परतण्याच्या हक्कावर गदा आली. दाराला एक तारा, तोही ती वेबसाइट गर्दीत कोसळली नाही म्हणून.

बेळगावहून निघणाऱ्यासाठी खरी कसरत स्वॅबची. २५ जानेवारी २०२१ पासून जवळपास सगळ्या देशांतून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट लागू झाला. आपल्याकडे पुढच्याच महिन्यात महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरायला कोगनोळी नाक्यावर ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर मागायला लागले, त्यामुळे आकडा ओळखीचा वाटला आणि घोटाळा तिथंच झाला. नाक्यावर घड्याळ तुम्ही पोचता त्या क्षणाशी जुळवायचं. न्यूझीलंडचं घड्याळ पहिल्या आंतरराष्ट्रीय विमानाच्या नियोजित सुटण्यापासून मागे मोजायचं आणि त्या ७२ तासांत नुसता स्वॅब नव्हे, निकालही हातात हवा. बेळगावच्या सांबरा विमानतळाहून बेंगळुरूचं विमान यात धरत नसत. तरी प्रवासात आणि मुक्कामात दिवस मोडतो, निकालाला दुसरा जातो. म्हणून विमान सोमवारी रात्री ११ चं असेल तर शनिवारी सकाळी स्वॅब हे धोरण. शुक्रवारी दुपारी दिला तर मुदत चुकलीच, आणि रविवारी लॅब उघडी मिळेलच असं नाही. विमानच लांबलं तर ९६ तासांपर्यंत सवलत होती, पण त्या सवलतीचा कागद काउंटरवरच्या माणसाला दाखवायची तयारी ठेवावी लागे.

अडायचं ते बहुधा कागदावर. रिपोर्टवर स्वॅब घेतल्याची तारीख असायची, वेळ नसायची. नाव आधारवरचं, पासपोर्टवरचं नाही. एकीकडे बापाचं नाव मध्ये, दुसरीकडे नाही. यावर उपाय एकच: स्वॅब देतानाच पासपोर्टची झेरॉक्स पुढे करायची आणि पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, वेळ छापून घ्यायची.

मग एप्रिल २०२१ आला. ११ पासून २८ तारखेपर्यंत भारतातून येणं पूर्ण बंद, न्यूझीलंडच्या स्वतःच्या नागरिकांनासुद्धा. २८ एप्रिलनंतर फक्त नागरिक आणि त्यांचं अगदी जवळचं कुटुंब थेट येऊ शकत होतं. कायम रहिवाशांनी आधी १४ दिवस भारताबाहेर तिसऱ्या देशात काढायचे. त्याच सुमारास सिंगापूरनं भारतातून येणाऱ्यांना ट्रान्झिटही बंद केलं, आणि भारतातून न्यूझीलंडला थेट विमान नव्हतंच. व्हाउचर खिशात आणि वाट बंद, अशी गत.

आतली सेवा मात्र मनापासून चांगली. नर्स चोवीस तास, रोज तब्येतीची विचारपूस, जेवण दाराशी. फेरफटक्याला ठरलेली वेळ आणि मास्क. चाचण्या सुरुवातीला तिसऱ्या आणि बाराव्या दिवशी. जानेवारी २०२१ पासून बहुतेकांची पोचल्यावर लगेच आणखी एक, तिचा निकाल येईपर्यंत खोलीबाहेर पाऊल नाही. बंदोबस्ताला सैन्यातली माणसं, पण बोलणं नरम.

तरी गळती झाली, आणि कुठून झाली ते समजून घेण्यासारखं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये क्राइस्टचर्चच्या हॉटेलात भारतातून आलेल्या एका प्रवाशाकडून शेजारच्या खोलीत संसर्ग गेला. दोघे एकमेकांना भेटलेच नव्हते. बाराव्या दिवशीचा स्वॅब दारात उभं करून घेतला. एका खोलीचं दार मिटलं आणि दुसरं उघडलं यात अवघे ५० सेकंद. कॉरिडॉर बंदिस्त, हवा खेळती नाही, त्यामुळे पहिल्याच्या श्वासातला विषाणू तिथंच तरंगत राहिला. हॉटेल पाहुण्यांसाठी बांधलेलं असतं, रोग्यांसाठी नाही, हे जाणवतं ते इथं. पाचातला एक तारा त्यासाठी कापला.

सोबत कुंदा, म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई, न्यायचा बेत असेल तर देशात शिरतानाच्या घोषणापत्रात खाण्याचे पदार्थ आहेत असं लिहायचंच. आपल्याकडे जनावरांत लाळ्या-खुरकूत असल्यानं दुधा-खव्याच्या वस्तूंवर त्यांची नजर करडी. लपवलं तर तेव्हा जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होता, आणि जाहीर करण्याचा हा नियम साथीपुरता नव्हता, आजही आहे.

पैशाचं काय? ११ ऑगस्ट २०२० पासून पहिल्या मोठ्या माणसाला ३,१०० न्यूझीलंड डॉलर, सोबतच्या मोठ्याला ९५०, मुलाला ४७५, तीन वर्षांखालच्याला काही नाही. नवरा-बायको आणि एक मूल म्हणजे ४,५२५, तेव्हाच्या दरानं सव्वादोन लाखांच्या आसपास. २५ मार्च २०२१ पासून तात्पुरत्या व्हिसावरच्यांना पहिल्या माणसामागे ५,५२० लावले, ते जाचकच होतं. नागरिक आणि कायम रहिवासी बराच काळ राहणार असतील तर बिल माफ होई: आधी अट ९० दिवसांची होती, १ जून २०२१ पासून १८० ची झाली. बिल हॉटेल सोडल्यावर ईमेलनं यायचं, आणि भरायची मुदत ९० दिवसांवरून ३० वर आणली तीही त्याच दिवसापासून.