वाशीतला जर्मन क्लास : परीक्षेची घाई असेल तर नको, नाहीतर जरूर

जर्मनच्या बी-वन या मधल्या पातळीची परीक्षा महिन्यावर आली असेल तर स्टेशनजवळच्या या क्लासला जाऊ नका. ऐकण्याचा सराव तोकडा, स्पीकर खरखरतो आणि झेरॉक्स नोट्समध्ये कोणीतरी आधीच उत्तरं भरून ठेवलेली. फी बघता हे खटकतं.

शनिवारची बॅच मात्र मी चुकवत नाही. मॅडम बर्लिन-म्युनिक बाजूला ठेवून एकच जिल्हा शिकवतात : ल्युखोव-डानेनबेर्ग, म्हणजे एल्बे नदीकाठचं वेंडलँड. लोकसंख्या ५० हजारांच्या आसपास, जर्मनीच्या जिल्ह्यांत सगळ्यात कमी. एवढी माणसं आमच्या घणसोलीत कुठल्या कुठे जिरतील. १९९० पर्यंत तिन्ही बाजूंना पूर्व जर्मनी, त्यामुळे कारखाने फारसे फिरकले नाहीत आणि जुनी गोल गावं टिकली. मधे मोकळी जागा, भोवती तिच्याकडे तोंड करून लाकडी चौकटींची घरं. इथल्या वेंड या स्लाव्ह लोकांची भाषा अठराव्या शतकात संपली. योहान पारूम शुल्त्स नावाच्या शेतकऱ्याने तिचे शब्द टिपून ठेवले होते. गावात तो खानावळही चालवायचा, हे मला विशेष आवडलं.

मग तिथलंच गोर्लेबेन गाव. १९७७ मध्ये सरकारने तिथल्या मिठाच्या थरांत अणुकचरा ठेवायचं ठरवलं. १९७९ मध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन थेट हनोव्हरला धडकले, तिथे सुमारे १ लाख माणूस जमला. १९८० मध्ये आंदोलकांनी बोअरिंगच्या जागेवर झोपड्या बांधून ‘स्वतंत्र वेंडलँड प्रजासत्ताक’ जाहीर केलं, वर स्वतःचे पासपोर्टही काढले! ३३ दिवसांनी पोलिसांनी ते उठवलं. शेवटी २०२० मध्ये भूगर्भाच्या कारणांवरून गोर्लेबेन अणुकचऱ्यासाठीच्या जागांच्या यादीतून बाद झालं.

मी आगरी, गावठाणातली. हे ऐकून गप्प कशी बसणार? नवी मुंबईसाठी जमिनी घेणाऱ्या सिडकोविरुद्ध दि. बा. पाटलांचं आंदोलन, जानेवारी १९८४, गोळीबारात गेलेले पाच शेतकरी, सगळं वर्गात सांगितलं. आजोबा त्या आंदोलनात होते. मॅडम म्हणाल्या, हेच जर्मनमध्ये लिहून आण. भूतकाळाची क्रियापदं मला त्या निबंधाने शिकवली. ‘साडेबारा टक्के’, म्हणजे जमीन गेलेल्यांना तेवढी विकसित जमीन परत देण्याची योजना, जर्मनमध्ये समजावताना मात्र मॅडमसकट अख्खा वर्ग अडकला.

पहिला शनिवार फुकट बसू देतात. गाडी आणू नका, पार्किंग नाही.