जुनी साब घ्यायची तर कोणती? ९००, ९०००, ९-५ की ९-३

युरोपात राहणारा, खिशाला झेपेल अशी पण चारचौघांसारखी नसलेली गाडी शोधणारा माणूस कधी ना कधी साब या स्वीडिश कंपनीच्या जुन्या गाडीच्या जाहिरातीपाशी थांबतोच. किंमत बघून मोह होतो आणि लगेच शंका येते, की कंपनीच बुडाली आहे, मग ही गाडी घ्यायची कुणाच्या भरवशावर? (भारतात न्यायचा बेत असेल तर तो इथेच सोडा. साबने आपल्याकडे गाड्या अधिकृतपणे कधी विकल्याच नाहीत, आणि वापरलेल्या गाड्यांच्या आयातीचे नियम या वयाच्या गाडीला बंदरातून बाहेर पडू देणार नाहीत.)

माझं मत आधीच सांगून टाकतो. रोज वापरायची असेल तर २००४ नंतरची ९-५ इस्टेट, म्हणजे मागे सामानाला लांब जागा असलेली. हौसेसाठी जुनी ९००. भरवशाचा मेकॅनिक हाताशी असेल तर ९०००, जिच्याकडे विनाकारण कुणी बघत नाही. ९-३ घ्यायला हरकत नाही, पण तिच्यात वर्षागणिक एवढा फरक आहे की नुसतं 'नाइन-थ्री' म्हणून काहीच ठरवता येत नाही.

साबच्या चाहत्यांची एक ठरलेली गोष्ट असते: कंपनी स्वतंत्र होती तोवर सगळं सोन्यासारखं होतं, मग जनरल मोटर्स आली आणि वाट लागली. मला ती पटत नाही. स्वीडनमधल्या ट्रोलहेटनच्या या विमान कंपनीने महायुद्ध संपल्यावर मोटार करायला घेतली, तेव्हा पहिल्या नमुन्यात इंजिन होतं जर्मन डीकेडब्ल्यूचं. तो नमुना १९४७ मध्ये लोकांपुढे आला. गुन्नार युंगस्ट्रोम अभियंता, सिक्स्टन सासोन आकार देणारा, आणि गाडी दिसायला विमानाच्या पंखाचा कापलेला तुकडा. तिच्यावरूनच साब ९२ आली आणि १९४९ च्या डिसेंबरात कारखान्यातून बाहेर पडू लागली. दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, २५ हॉर्सपॉवर, आणि सुरुवातीच्या सगळ्या गाड्या एकाच हिरव्या रंगात. डिकीला बाहेरून झाकणच नव्हतं, सामान मागच्या सीटवरून आत ढकलायचं. पुढे ९६ मध्ये फोर्डचं व्ही-फोर आलं, ९९ मध्ये इंग्लंडच्या ट्रायम्फबरोबर आखलेलं इंजिन आलं. म्हणजे उसनवारी पहिल्या दिवसापासून होती. कंपनीच लहान होती. तिचं विक्रीचं सर्वांत चांगलं वर्ष २००६, आणि त्या वर्षीही जगभरात मिळून साधारण १ लाख ३३ हजार गाड्याच खपल्या. एवढ्या आकड्यावर नवीन गाडीचा सगळा खर्च एकट्याने काढणं कुणालाच जमलं नसतं.

त्यामुळे सेकंडहँड साब पारखताना मी एकच बघतो: उसन्या घेतलेल्या गोष्टीवर ट्रोलहेटनच्या लोकांनी स्वतःचा हात किती फिरवला? जिथे फिरवला तिथे गाडी दणकट आहे. जिथे वेळ, पैसा किंवा परवानगी मिळाली नाही, नेमकी तिथेच ती आज त्रास देते.

९०० आणि ९०००: एकाच छताखालच्या दोन तऱ्हा

९०० आली १९७८ मध्ये आणि १९९३ पर्यंत बनत राहिली, कन्व्हर्टिबल आणखी वर्षभर. एकूण नऊ लाखांच्या वर. लोक 'साब' म्हणतात तेव्हा डोळ्यांपुढे हीच असते: जवळजवळ उभी, गोलाई घेतलेली पुढची काच, पुढे सरकून मग उघडणारं बॉनेट, आणि दोन सीटच्या मधे किल्लीचं भोक. रिव्हर्स गिअर टाकल्याशिवाय किल्ली निघतच नाही. टर्बो तिच्या आधी, ९९ मध्येच, आला होता. १९७७ मध्ये दाखवलेली ९९ टर्बो १४५ हॉर्सपॉवरची होती, आणि टर्बो रोजच्या घरगुती गाडीत नीट नांदू शकतो हे तिने दाखवून दिलं. त्याची फळं ९०० ने खाल्ली.

बॉनेट उघडलंत तर आत उलटा संसार दिसेल. इंजिन ४५ अंशांत कललेलं आणि मागचं पुढे करून बसवलेलं. क्लच थेट तुमच्यासमोर, ग्रिलच्या बाजूला. गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटाखाली. याचा फायदा असा की क्लच बदलायला ना इंजिन काढावं लागतं ना गिअरबॉक्स. सरावलेला माणूस ते काम दुपारच्या जेवणाआधी उरकतो. तोटाही तिथेच आहे. गिअरबॉक्स हा या गाडीचा सर्वांत कच्चा दुवा, आणि त्याला हात लावायचा तर इंजिनासकट सगळं वर उचलायला लागतं. चालवून बघताना तिसऱ्या-चौथ्या गिअरला घरघर ऐकू आली तर मालक कितीही गोड बोलू दे, किमतीतून गिअरबॉक्सचा खर्च वजा करूनच बोला. गंज बघायचा तो पुढच्या ड्राइव्हशाफ्टच्या बोगद्यांत आणि दारांच्या तळाशी. मडगार्ड चकचकीत आहेत म्हणून भुलू नका, ते बोल्टने सुटतात आणि कुणीही बदलून ठेवतो.

९००० ची गोष्ट वेगळी. १९८४ मध्ये आलेली ही गाडी फियाट, लान्चिया आणि आल्फा रोमिओबरोबर सांगाडा वाटून घेऊन केलेली. तिची भावंडं म्हणजे क्रोमा, थेमा आणि १६४. खर्च वाचावा म्हणून ही भागीदारी. पण स्वीडिश लोकांना इटालियन धडक-मजबुती पुरेशी वाटेना. त्यांनी पुढचा भाग वेगळा केला, बाजूंना बळकटी घातली, आणि जे पैसे वाचायचे होते ते तिथेच पुरले. हिशेब बघणाऱ्यांनी तेव्हा कपाळावर हात मारला असेल. आज घेणाऱ्याची मात्र चंगळ आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टॅलाडेगा ट्रॅकवर तीन ९००० टर्बो रात्रंदिवस पळवल्या, २० दिवसांत एक लाख किलोमीटर, सर्वांत पुढची ताशी सरासरी २१३ किलोमीटरने. मागची सीट पाडली तर आत वॉशिंग मशीन उभं राहतं, आणि दिसायला गाडी एवढी साधी की चोरही दुसऱ्यांदा बघणार नाही.

समोरासमोर ठेवल्या तर? ९०० च्या किमती चढल्या आहेत, विशेषतः टर्बो आणि कन्व्हर्टिबलच्या. ९००० अजून फारशी कुणी जपून ठेवत नाही, म्हणून स्वस्त. लांबच्या रस्त्याला ९००० सरळसरळ वरचढ. पण पत्रा तिचा वैरी: मागच्या चाकांच्या कमानी आणि दारांचे तळ बोटाने दाबून बघा, वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीपुढे जायला वेळ लागत नाही. इंजिन साबचं चार सिलिंडरवालंच घ्या, २.३ टर्बो असेल तर उत्तम. जनरल मोटर्सकडून आलेलं तीन लिटरचं व्ही-सिक्स टाळा. साबच्या स्वतःच्या इंजिनात टायमिंगला साखळी आहे, त्याला वेळोवेळी बदलावा लागणारा पट्टा.

आणखी एक स्वीडनपुरता मुद्दा. तिथे ३० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला वाहनकर लागत नाही. म्हणजे जुन्या ९०० सगळ्या सुटल्या, आणि ९००० ही एकेक वर्ष करत सुटत चालली आहे. शेवटची १९९८ ची.

जनरल मोटर्सनंतरच्या गाड्या

अर्धी मालकी जनरल मोटर्सकडे गेली १९९० च्या तोंडावर, उरलेली २००० मध्ये. पहिलं अपत्य १९९३ मध्ये दाखवलेली नवी ९००, ओपेल व्हेक्ट्राच्या सांगाड्यावरची. घाईत केलेली, आणि ते कळतं. १९९८ मध्ये तिच्यात शेकडो बदल करून नाव ठेवलं ९-३. या पिढीची गाडी बघायला गेलात तर बॉनेटखाली, स्टिअरिंग रॅक जिथे मागच्या भिंतीला धरलेला असतो तिथे, पत्र्याला तडे गेलेत का ते टॉर्च लावून पाहा. जाणता मालक असेल तर त्याने तिथे आधाराची पट्टी बसवून घेतलेली असते, आणि अशा मालकाची गाडी बहुतेक वेळा बाकीही ठाकठीक निघते.

१९९७ ची ९-५ त्याच ओपेल घराण्यातली, पण तिच्यावर वेळ दिला गेला होता. चार सिलिंडरची पेट्रोल इंजिनं साबची स्वतःची. मागून धडक बसली तर मान सावरणारी हेडरेस्ट, सीटमधून हवा खेचणारे पंखे, आणि रात्री डॅशबोर्डवर फक्त वेगाचा काटा उजळ ठेवणारं बटण. बर्फात, अंधारात, ताशी शंभरने तीन तास गाडी चालवायची असेल तर इतक्या कमी पैशात याहून आरामशीर जागा मला माहीत नाही.

पण ९-५ चं एक दुखणं पक्कं ठाऊक असायला हवं. १९९८ ते २००३ च्या पेट्रोल गाड्यांत इंजिनातलं ऑइल घट्ट होऊन त्याचा चिखल होतो आणि सम्पमधली, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्यातली, जाळी तुंबते. एक्झॉस्टचा तापलेला भाग सम्पच्या फार जवळ आणि इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी नळ्यांची रचना अपुरी, त्यात लांबवलेली ऑइल बदलायची मुदत. जाळी तुंबली की ऑइलचा दाब पडतो, आधी टर्बो जातो, मग बेअरिंग. २००४ पासून नळ्यांची रचना सुधारली. जुन्या गाड्यांनाही ती बसवता येते. विकणाऱ्याला सरळ विचारा, की सम्प खाली उतरवून जाळी कधी साफ केली? उत्तर तारखेसकट आणि बिलासकट आलं तर पुढे बोला. 'ऑइल वेळेवर बदललंय हो' हे त्याचं उत्तर नव्हे. शिवाय स्पार्क प्लगवर बसणारी इग्निशन कॅसेट कधी दगा देईल सांगता येत नाही. मुरलेले साबवाले एक जादा कॅसेट डिकीतच ठेवतात, वाटेत बंद पडली तर चार स्क्रू काढून बदलायची. तीन लिटरचं डिझेल व्ही-सिक्स फुकट मिळालं तरी घेऊ नका. ते इसुझूचं आहे, आणि त्याच्या सिलिंडरचे लायनर खाली बसतात.

२००२ मध्ये आलेली दुसरी ९-३ अधिक देखणी, वळणावर अधिक चपळ, वयाने तरुण. हॅचबॅक मात्र गेली, आणि तिच्याबरोबर साबचं निम्मं घराणंही गेलं असं मी म्हणेन. २००५ ची स्पोर्टकॉम्बी, म्हणजे तिची इस्टेट, ती उणीव बरीचशी भरून काढते. इंजिनं आता जनरल मोटर्सची, त्यांच्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा साबची. मिश्रण वाईट नाही. खरी डोकेदुखी इलेक्ट्रॉनिक्सची. गाडीतले कंट्रोल बॉक्स एकमेकांशी आणि त्या गाडीशी 'लग्न' लावलेले असतात. भंगारातून काढलेला बॉक्स नुसता लावून चालत नाही. टेक-२ नावाचं यंत्र आणि ते चालवणारा माणूस लागतो. सगळ्या किल्ल्या हरवल्या तर स्टिअरिंगजवळचा अख्खा बॉक्स नवा घालावा लागतो. म्हणून एकच किल्ली देणाऱ्या मालकाशी घासाघीस करताना संकोच करू नका.

म्हणजे ९-५ विरुद्ध ९-३ असा सामना लावला तर: घरात लहान मुलं, स्की, दर सुट्टीत लांबचा प्रवास असेल तर ९-५. एकट्यादुकट्याला शहरात फिरायला, आणि २००७ नंतरची, सर्व्हिसच्या कागदांसह मिळत असेल तर ९-३. १.९ डिझेल इंधन कमी लागतं म्हणून घेणाऱ्याने शहरातल्या छोट्या फेऱ्यांना घेऊ नये, एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने भरतो.

अमेरिकेतल्या मंडळींना ९-२एक्स आणि ९-७एक्स दिसतील. पहिली सुबारू इम्प्रेझा, दुसरी शेव्हर्लेची ट्रेलब्लेझर, नाक तेवढं साबचं. वाईट गाड्या नाहीत, पण त्या घ्यायच्या तर सुबारू किंवा शेव्हर्ले म्हणून घ्या.

शेवटची ९-५, आणि सुटे भाग

२००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली. कोनिगसेगबरोबरचा सौदा फिसकटला, मग २०१० मध्ये नेदरलंड्सच्या स्पायकरने साब घेतली. त्याच वर्षी नवी, मोठी ९-५ आली. २०११ च्या वसंतात पुरवठादारांचे पैसे थकले आणि कारखाना थांबला. चिनी खरेदीदार तयार होते, पण आपलं तंत्रज्ञान त्यांच्या हाती जाऊ द्यायला जनरल मोटर्सने नकार दिला, आणि १९ डिसेंबर २०११ ला दिवाळखोरी जाहीर झाली. त्यानंतर बोली लावणाऱ्यांमध्ये मुंबईच्या महिंद्राचंही नाव बातम्यांत होतं. २०१२ मध्ये कंपनी गेली नेव्हसकडे. त्यांनी २०१३-१४ मध्ये थोड्या ९-३ बनवल्या, आणि मग साब हे नाव वापरायचा हक्कही गेला. विमानं बनवणारी मूळ साब आजही जोरात आहे, पण तिचा या गाड्यांशी काही संबंध उरलेला नाही.

ती २०१० ची ९-५ रस्त्यावर दिसली की मान वळतेच. तरी रोजच्या वापराला मी सुचवणार नाही. यंत्राचे भाग ओपेल इन्सिग्नियाशी जुळतात म्हणून मिळतील, पण हेडलाइट, काचा, बंपर फक्त तिचेच, आणि गाड्याच बनल्या जेमतेम ११ हजारांच्या आसपास. पार्किंगमध्ये कुणी धक्का दिला तर महिनोन् महिने शोधत बसाल.

उलट जुन्या मॉडेलांच्या भागांची चिंता वाटते तेवढी नाही. दिवाळखोरीच्या वेळी सुट्या भागांचा धंदा वेगळा होता; तो स्वीडिश सरकारकडे गेला आणि न्यूशोपिंगमधून ओरिओ नावाने चालू राहिला. ब्रेक, सस्पेन्शन, सेन्सर, कॅसेट हे सगळं ९-५ आणि दुसऱ्या ९-३ साठी आरामात मिळतं. आतली सजावट, दारांची रबरं आणि ९००० चे पत्र्याचे भाग मात्र भंगारवाल्याकडेच. इंग्लंडमध्ये असाल तर उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांचा डॅशबोर्ड युरोपातल्या भंगारातून मिळणार नाही, हेही धरून चाला.

पैसे द्यायच्या आधी एक काम करा. ज्या गावात राहता तिथे साबवर हात बसलेला आणि टेक-२ असलेला गॅरेजवाला आहे का ते शोधा, त्याला फोन करा, आणि कोणतं मॉडेल तो नाक न मुरडता घेतो ते विचारा. त्याने ९००० म्हटलं आणि तुमच्या मनात ९-३ असेल, तर ९००० बघायला जा.