गॅस मीटरला रीड सेन्सर लावून होम असिस्टंटला जोडला, त्याचा रिव्ह्यू

वीज किती जाते ते फोनवर मिनिटामिनिटाला दिसतं पण पाइपच्या गॅसचा हिशोब बिल आल्याशिवाय कळत नाही, हे मला कायम खटकायचं. म्हणून मीटरवर रीड सेन्सर (चुंबक जवळ आलं की जुळणारा छोटा स्विच) लावला, तो ईएसपी३२ या छोट्या वायफाय बोर्डाला जोडला, बोर्डावर ईएसपीहोम हे सॉफ्टवेअर टाकलं आणि डेटा होम असिस्टंट या घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला. मला हा सेटअप जाम आवडलाय, फक्त पल्स म्हणजे नेमकं काय ते आधी समजून घ्या नाहीतर आकडे फसवतात.

साध्या डायफ्रॅम मीटरमध्ये (आतल्या पडद्यांच्या हालचालीवर गॅस मोजणारा नेहमीचा घरगुती मीटर) बऱ्याचदा शेवटच्या आकड्याच्या चाकात छोटं चुंबक बसवलेलं असतं, चाकाची एक फेरी झाली की बाहेर लावलेला रीड स्विच एकदा जुळून सुटतो, तो झाला एक पल्स. मीटरच्या पाटीवर एका इम्पला (म्हणजे पल्सला) ०.०१ घनमीटर असं छापलेलं असेल तर एक पल्स म्हणजे १० लिटर गॅस. सेन्सर आकड्यांच्या खालच्या खाचेत बाहेरूनच बसतो, सील तोडायचं नाही की मीटर उघडायचा नाही. पण मीटर गॅस कंपनीचा असतो त्यामुळे आधी विचारून घ्या, आणि बोर्ड, अडॅप्टर वगैरे मीटरजवळ न ठेवता लांब वायर ओढा. सेन्सर पक्का बसवा, जरासा हलला तरी पल्स गळायला लागतात.

आता खरी गंमत. २४ किलोवॉटचा बॉयलर पूर्ण जोरात चालू असेल तर साधारण १५-१६ सेकंदांना एक पल्स येतो, ग्राफ मस्त दिसतो. पण शेगडीचा एक किलोवॉटचा छोटा बर्नर पेटवलात तर पुढचा पल्स यायला सहा मिनिटं लागतात! आणि ईएसपीहोमच्या पल्स मीटर या पल्स मोजणाऱ्या भागात टाइमआउट, म्हणजे किती वेळ पल्स आला नाही की वापर शून्य धरायचा ती वेळ, आपण काही बदललं नाही तर ५ मिनिटांचा असतो, म्हणजे बर्नर चालू असताना स्क्रीनवर वापर शून्य दाखवणार. टाइमआउट १५ मिनिटांवर नेला की हे थांबतं, बदल्यात गॅस बंद केल्यावर आकडा शून्यावर यायला उशीर होतो, तेवढं चालतं. त्यामुळे या क्षणाला किती गॅस जातोय यापेक्षा तासाचा आणि दिवसाचा हिशोब बघायला हे खरं उपयोगाचं आहे आणि तिथे ते चोख आहे.

रीडचा कॉन्टॅक्ट जुळताना थरथरतो आणि एका पल्सचे दोन-तीन मोजले जातात, म्हणून फिल्टर, म्हणजे ठरावीक वेळेच्या आत आलेले जादा पल्स न मोजणारी सेटिंग, लावायचाच. जी४ या घरगुती मापाच्या मीटरमधून जास्तीत जास्त ताशी ६ घनमीटर गॅस जातो, म्हणजे दोन पल्समध्ये ६ सेकंद तरी असतातच, त्या हिशोबाने फिल्टर ठरवा.

होम असिस्टंटच्या एनर्जी डॅशबोर्डमध्ये, म्हणजे वीज-गॅसचा वापर दाखवणाऱ्या पानावर, गॅस २०२१ पासून आहे. सेन्सरच्या सेटिंगमध्ये डिव्हाइस क्लास (प्रकार) गॅस, युनिट घनमीटर आणि स्टेट क्लास टोटल इन्क्रीझिंग (सतत वाढत जाणारी बेरीज) दिलं की तो थेट तिथे दिसतो, बोर्ड रीस्टार्ट होऊन मोजणी शून्यापासून सुरू झाली तरी आधीचा हिशोब बिघडत नाही. मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट म्हणजे रात्री सगळं बंद असायला हवं त्या वेळात पल्स आला की फोनवर मेसेज, शेगडी चुकून चालू राहिली असेल तर कळतं. पण याला गळतीचा अलार्म समजू नका प्लीज, जी४ मीटरची मोजणीची खालची मर्यादाच ताशी ४० लिटर आहे, बारीक गळती यात दिसणारच नाही, त्यासाठी गॅस डिटेक्टर वेगळा हवाच.

नेदरलँड्समध्ये स्मार्ट मीटरला पी१ पोर्ट (डेटा वाचायची जोडणी) असतो, गॅसचं रीडिंग तिथूनच मिळतं, त्यांना हा खटाटोप नको. आणि मीटरमध्ये चुंबकच नसेल तर ईएसपी३२ कॅमेऱ्याने आकडे वाचायचा पर्याय आहे, पण त्याला नीट प्रकाश लागतो आणि दोन आकड्यांच्या मधे अडकलेलं चाक वाचताना तो गडबडतो, त्यामुळे चुंबक असेल तर डोळे झाकून रीड सेन्सरच घ्या.