रेनेसाँसच्या चित्रकारांवरच्या टीनएज कादंबऱ्या: बरेच महिने वाचल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीपासून किंडलवर मुख्यतः हेच वाचतेय, टीनएजर्ससाठी लिहिलेल्या इंग्रजी कादंबऱ्या, रेनेसाँसच्या म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या इटलीत, फ्लॉरेन्स नाहीतर व्हेनिसमध्ये घडणाऱ्या, आणि आता बऱ्याच वाचून झाल्यात म्हणून लिहिते.

मला सगळ्यात आवडलं ते हे की तेरा-चौदा वर्षांचा हिरो इथे ओढूनताणून आणलेला वाटत नाही. तेव्हा मुलं खरंच त्या वयात चित्रकाराच्या हाताखाली शिकायला लागायची, मायकेलअँजेलो १४८८ मध्ये फ्लॉरेन्सच्या गिर्लांदायो या चित्रकाराकडे लागला तेव्हा १३ वर्षांचा होता, आणि गिर्लांदायो त्या काळात सांता मारिया नोव्हेला चर्चमधल्या भिंती रंगवत होता. त्यामुळे ज्या कादंबरीत पोरगा झाडलोट करतो, रंग घोटतो, अंड्याच्या बलकात कालवतो, ती हमखास पकडून ठेवते. फ्रेस्कोचंच, म्हणजे ओल्या भिंतीवरच्या चित्राचंच बघा ना, चुन्याचा गिलावा ओला असेपर्यंतच रंगवायचं, म्हणून सकाळी त्या दिवसात होईल तेवढाच तुकडा लिंपायचा आणि वाळायच्या आत संपवायचा, चुकलं तर खरवडून परत. लेखकाला हे नीट माहीत असेल तर वेगळं थ्रिल घालावंच लागत नाही!

तसंच निळ्या रंगाचं. भारीतला निळा अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा, आणि तो इतका महाग की गिर्लांदायोच्या १४८५ च्या एका करारात निळा औंसाला साधारण ४ फ्लोरिनचा (फ्लोरिन म्हणजे फ्लॉरेन्सचं सोन्याचं नाणं) असावा असं चक्क लिहिलंय. आता असली पुडी एका पोराच्या हातात द्या, पुढची दहा पानं मी खाली ठेवत नाही.

जिथे लिओनार्दो नुसता रस्त्यातून जाताना दिसतो आणि दोन शहाणपणाची वाक्यं बोलतो ती पुस्तकं मात्र मला पोकळ वाटली. आणि मुलगी असली की तिने मुलाचे कपडे घालून शिकायला जायचं, हे फारच वेळा येतं, आणि मला त्याचा खरंच राग येतो, कारण क्रेमोनाची सोफोनिस्बा अंग्विसोला होतीच की, स्वतःच्या नावाने चित्रं काढणारी, वडलांनी शिकायला पाठवलेली, १५५९ मध्ये स्पेनच्या राजदरबारी गेलेली. फ्लॉरेन्सच्या कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे नन्सच्या मठात, प्लाउतिल्ला नेल्ली होती, तिने तर लास्ट सपर, म्हणजे येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं जेवण, रंगवलं. एवढं खरं मटेरियल असताना तेच तेच वेषांतर कशाला?

इंग्रजी सोपं आहे, नववी-दहावीच्या मुलांना झेपेल, फक्त इटालियन नावांनी पहिली काही पानं जड जातात. माझं किंडल ब्लॅक अँड व्हाइट आहे, म्हणून चित्राचा उल्लेख आला की मोबाईलवर ते रंगात बघायचं, ही सवय मुलांना पहिल्याच पुस्तकापासून लावा. सुरुवात चित्रकाराच्या कारखान्यात घडणाऱ्या कादंबरीपासून करा, राजवाड्यातल्या कटकारस्थानांची नंतर.